दुसऱ्या गिअरची वहिवाट

नेकनूरच्या बैलबाजारात ज्याचे बालपण गेले, त्या मनुष्याला कोणत्याही सजीव अथवा निर्जीव वस्तूची पारख करताना प्रथम तिचे दात पाहण्याची सवय जडते, आणि ती सोयरीक जुळवताना कितीही गैरसोयीची ठरली तरी आयुष्यभर सुटत नाही. बालाघाटाच्या पठारावर, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या आमच्या या गावाला बंकटस्वामींच्या मठामुळे वारकऱ्यांत जो मान आहे, तोच शेतकऱ्यांत त्याला जनावरांच्या बाजारामुळे आहे. बाजाराच्या दिवशी देवणी, लाल कंधारी, खिलार अशा नाना कुळींच्या बैलांसमोर उभे राहून जाणती मंडळी त्यांचा खालचा ओठ हलकेच खाली ओढतात, क्षणभर आत डोकावतात आणि गंभीरपणे मान हलवतात. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, खालच्यात आठ असतात, आणि दुधाचे पडून कायमचे येताना ते जोडीजोडीने येतात. त्यामुळे जनावर आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे, सहा दाती आहे की जुळले आहे, हे त्या एका दृष्टिक्षेपात कळते. जन्मतारखेचे इतके चोख दप्तर परमेश्वराने माणसाच्या तोंडात ठेवले नाही, म्हणूनच महसूल खात्याला एवढे कागद ठेवावे लागतात, असे त्या खात्यात अव्वल कारकुनीपर्यंत पोचून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या इसमाचे नम्र मत आहे.

इतके असूनही १९८९ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात मी जी जीप घेतली, तिचे दात मात्र पाहिले नाहीत. लिलावाच्या फेरिस्तीत तिचे वर्णन ‘निर्लेखित वाहन, आहे त्या स्थितीत’ असे होते. ‘आहे त्या स्थितीत’ या तीन शब्दांत किती स्थिती सामावू शकतात याची कल्पना, तसले शब्द स्वतःच्या हस्ताक्षरात हजारो वेळा लिहिलेल्या मला तरी असावयास हवी होती. परंतु वैद्याला जसे स्वतःचे औषध लागू पडत नाही, तसे कारकुनाला स्वतःचे शब्द समजत नाहीत. जीप दारात आली तेव्हा माझे मेहुणे, जे बैलांच्या दलालीत उभ्या तालुक्यात नावाजलेले असून ज्यांना नातेगोते न पाहता सारा गाव ‘मामा’ म्हणतो, तिला एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, “दाजी, हिच्या तोंडात बघितलं होतं का?”

“जीपला तोंड असतं, दात नसतात,” मी म्हणालो.

“दात न्हाईत आसं जनावर चालतंय कशावर मग?” मामांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर मिळावयास मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

जीपचा पूर्वेतिहास मी यथावकाश जमा केला, कारण ज्या मिळकतीचा मागचा फेरफार ठाऊक नाही तिच्यावर बसणे मला प्रशस्त वाटत नाही. तिचा मूळ पुरुष अमेरिकेचा. लष्कराला हलके आणि चारही चाकांनी ओढणारे वाहन हवे होते म्हणून १९४० साली बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने त्याचा पहिला नमुना सिद्ध केला, आणि पुढे महायुद्धात विलीज व फोर्ड या दोन मोठ्या कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या रणांगणावर पाठवल्या; ज्याने विहीर खणली त्याला पाणी न मिळता शेजाऱ्यांची बागायत व्हावी, असा हा प्रकार केवळ आपल्याकडेच घडतो असे नाही. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने पेढी काढली व १९४७ पासून विलीजच्या जीपा भारतात जुळवल्या जाऊ लागल्या. गुलाम मोहम्मद यांनी पूर्वी हैदराबाद संस्थानात, म्हणजे आम्हां बीडकरांच्या तत्कालीन सरकारात, अर्थखात्याचा मोठा हुद्दा सांभाळला होता. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली पेढीच्या नावातील ‘मोहम्मद’ जाऊन त्या जागी दुसरे ‘महिंद्रा’ आले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नेकनूरवरचा निजामी अंमलही संपला. आमच्या गावचे सरकार आणि आमच्या जीपच्या कंपनीचे नाव ही दोन्ही एकाच साली बदलली, हा योगायोग सांगितल्यावर मामा म्हणाले की नाव बदलल्याने बैलाचे वय बदलत नाही.

आमची प्रत्यक्ष जीप १९७२ सालची, उंच कपाळाची. इंजिनाचा एक झडपांचा संच डोक्यावर आल्यामुळे बॉनेट उंचवावे लागले, आणि विलीजने १९५३ मध्ये घडवलेले ते ध्यान आपल्याकडे पुढे कित्येक दशके चालत राहिले. १९७२ हे दुष्काळाचे वर्ष. माणसे रेशनची लाल मिलो आणि केंद्रावरची सुकडी खाऊन खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती, आणि त्या कामांची तपासणी करणारे साहेब या जीपमधून बांधाबांधाने हिंडत होते. पहिल्या गिअरमध्ये तपासणी केली तर ती नको इतकी बारकाईने होते, आणि तिसऱ्यात केली तर धुळीत काम आणि मजूर दोन्ही दिसेनासे होतात. सबब पुढील सतरा वर्षांतील बहुतेक सर्व तपासण्या दुसऱ्या गिअरमध्येच झाल्या असल्या पाहिजेत, असा निष्कर्ष मी त्या गिअरच्या नंतरच्या वर्तनावरून काढला आहे.

हे वर्तन समजण्यासाठी गिअरपेटीची थोडी तोंडओळख आवश्यक आहे. इंजिन एका वेगाने फिरते आणि चाकांची गरज दुसऱ्या वेगाची असते. या दोन पक्षांत लहानमोठ्या दातेरी चक्रांच्या मध्यस्थीने तडजोड घडवून आणणे, हे पेटीचे काम. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पानार आणि लवासॉर यांनी चक्रे सरकवून एकमेकांत घुसवण्याची पद्धत रूढ केली, आणि ही रीत रानटी आहे खरी, पण चालते, असा अभिप्राय स्वतः लवासॉर यांनी दिल्याचे सांगतात. पुढे १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत सिंक्रोनायझर आला. त्यातील पितळेची कडी दोन चक्रांची गाठ पडण्यापूर्वी मध्ये शिरते, आपल्या अंगाच्या घर्षणाने दोघांचा वेग सारखा करते आणि मगच पोलादाला पोलाद भिडू देते. सोयरिकीतील मध्यस्थाप्रमाणे ती मऊ धातूची असते आणि त्याच्याप्रमाणेच झिजायचे असते ते तिनेच. दोन्हीकडचे दात शाबूत राहावेत हीच तिची कमाई. आमच्या जीपची टी-९० नावाची पेटी तीन गिअरची. पैकी दुसऱ्या-तिसऱ्यास ही पितळी मध्यस्थी लाभली होती. पहिला मात्र लवासॉर यांच्या संप्रदायातला राहिला, त्यामुळे गाडी पुरती थांबल्याखेरीज तो पडत नसे आणि पडला की बाजारतळापर्यंत वर्दी जात असे.

आमचा दुसरा गिअर सुटत असे. सपाटीवर किंवा चढावर नव्हे; तेथे तो एखाद्या निष्ठावंत शिपायासारखा जागा धरून असे. पण नेकनूरहून बीडला जायचे म्हणजे मांजरसुंब्याला पठार संपते आणि घाट उतरावा लागतो. उतारावर इंजिन चाकांना ओढण्याऐवजी चाके इंजिनाला ढकलू लागतात, पेटीतल्या तिरप्या दातांवरचा रेटा उलट दिशेला वळतो, आणि ज्याच्या दातांच्या कडा झिजून गोल झालेल्या आहेत व ज्याच्या बाजूच्या चकत्या पातळ होऊन आत ढिलाई आलेली आहे, असा गिअर ‘खट्’ असा एक उद्गार काढून आपली जागा सोडतो. झाकणातील एका स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी त्याला अडवण्यासाठी नेमलेली असते; परंतु ज्याला जायचेच आहे त्याला एक शिपाई किती काळ अडवणार?

या व्याधीवर मी जो उपाय योजला तो प्रशासकीय स्वरूपाचा होता. जीपमध्ये पुढे डावीकडे जो बसेल त्याने, मांजरसुंब्याचा घाट लागताच, गिअरचा दांडा दोन्ही हातांनी पुढे आणि किंचित उजवीकडे रेटून धरावा आणि पालीपर्यंत सोडू नये, असा दंडक मी घालून दिला. या पदावर प्रथम आमच्या कुटुंबाची नेमणूक झाली, आणि बिंदुसरेचा तलाव दिसेपर्यंत त्या ज्या एकाग्रतेने दांडा धरून बसत, तिचा चतुर्थांश जरी त्यांनी माझ्या बोलण्याकडे दिला असता तरी आमचा संसार अधिक सुखाचा झाला असता. त्यांच्या माहेरी जाण्याच्या काळात हंगामी नेमणुका होत. मोठ्या मुलीला पाहावयास आलेल्या स्थळाला मी मुद्दाम बीडपर्यंत सोडावयास गेलो आणि मुलाला पुढे बसवले. शिक्षण, पगार, शेती या बाबी कागदावर पाहता येतात, पण मनुष्य धरलेली गोष्ट सोडतो की नाही हे केवळ घाटातच कळते. त्याने सोडली नाही. आज तो आमचा जावई आहे, आणि दिवाळसणाला आला की डाव्या मनगटावर हात फिरवत बसतो.

अशा रीतीने तीस-बत्तीस वर्षे लोटली. या काळात आमची जीप माझ्याखेरीज कोणालाही चालवता येत नसे. हे वाक्य मी तेव्हा तक्रारीच्या सुरात म्हणत असे आणि मनातून मला त्याचा फार अभिमान वाटे. अखेर एके दिवशी कपिलधारच्या यात्रेहून परत येऊन पाहुण्यांना बीडला पोचवावयास निघालो असता, दांडा धरलेला असूनही गिअर सुटला. म्हणजे दांडा पुढेच राहिला आणि आतील गिअर त्याला न कळवता परस्पर मागे आला. हाताखालच्या माणसाने साहेबांची सही तशीच ठेवून भलतेच काम करावे, तसा हा प्रकार होता. ब्रेकच्या जोरावर आणि पाहुण्यांच्या नामस्मरणावर घाट उतरला. पाहुणे पुढचा प्रवास एस.टी.ने करते झाले, आणि त्याच रात्री आमच्या ओसरीवर दरबार भरला.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून सुटीवर आलेला माझा पुतण्या नवमताचा पुरस्कर्ता. त्याचे म्हणणे असे की जुनी पेटी टाकून नव्या गाडीची पाच गिअरची बसवावी. “काका, तीन गिअर म्हणजे काय गाडी आहे? हायवेला वरचा गिअर मिळाला की इंजिन शांत चालेल,” असे सांगून त्याने एका कागदावर आकृती काढली. त्या आकृतीनुसार इंजिन आणि नवी पेटी यांच्यामध्ये एक जोडपट्टी घडवून घ्यावयाची होती, खालची आडवी पट्टी मागे सरकवायची होती, दोन्ही दांड्यांची लांबी बदलून त्यांचा तोल पुन्हा साधायचा होता, आणि दांडा नव्या ठिकाणी वर येणार असल्यामुळे पत्र्याच्या जमिनीला नवे भोक पाडायचे होते. मी ते सर्व ऐकून विचारले की यानंतर मूळच्या जीपपैकी काय शिल्लक राहील. “नंबरप्लेट,” पुतण्या म्हणाला.

दुसऱ्या बाजूला मामा. “पोरा, बैल म्हातारा झाला तर त्याला घोड्याचं खोगीर घालायलास का तू? पाच गिअर टाकलेस तरी वढणारं इंजिन तेच हाय न्हवं?”

निवाड्यासाठी दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावले. गावातील रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ते गेली चाळीस वर्षे जीपा, ट्रॅक्टर आणि ऊसतोडीच्या मुकादमांच्या गाड्या दुरुस्त करीत असून त्यांचे मौन हे त्यांचे प्रमुख हत्यार आहे. त्यांनी जीप सुरू केली, क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला, कान दिला आणि म्हणाले, “भाऊसाहेब, नवीन पेटी बसंल. का बसणार न्हाई? चौकट मोठी आणली तर भिंत पाडावी लागती, एवढंच. माझं आइकाल तर हीच उघडू. आत काय हाय ते तरी बघू. तीस वर्षं झाली, आपुन वरूनच बोलायलोय.”

हे शेवटचे वाक्य मला लागले, आणि मी जुनी पेटी उघडण्याचा हुकूम दिला.

या जीपची गिअरपेटी आणि तिच्या पाठीला जोडलेली चारचाकी ओढीची पेटी या दोन्ही एकत्र कुटुंबातील भावांप्रमाणे एकाच वेळी बाहेर काढाव्या लागतात, आणि एकमेकांपासून विभक्त करताना मागच्या झाकणाआडचा एक नट खोलावा लागतो, जो सहजासहजी खुलत नाही. शिवाय दोघांमधील सील झिजलेले असल्यास एकीचे तेल गुपचूप दुसरीत जाते. आमच्याकडे तसेच झालेले आढळले: पुढची पेटी कोरडी पडत चालली होती आणि मागची गळ्यापर्यंत भरली होती. वाटणीच्या शेकडो दरखास्ती हाताळलेल्या मला यात काही नवल वाटले नाही. ओतीव लोखंडाचे ते धूड चेन कुप्पीवर लटकून शेडच्या मध्यभागी उतरले, आणि त्यातून काळे, जाड, नव्वद नंबरचे तेल परातीत पडू लागले. त्याचा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो विसरता येत नाही. गंधकाच्या कुंडात कोणी जुनी मिसल भिजत घातली असावी, असा तो वास होता.

झाकण उघडल्यावर मिस्त्रींनी बॅटरीचा झोत आत टाकला, आणि मी वाकण्याच्या आत मामा पुढे झाले. त्यांनी कमरेत वाकून, जबडा उघडलेल्या बैलाकडे पाहावे तसे पेटीत पाहिले, बोट घालून दुसऱ्या गिअरच्या दातांवरून सावकाश फिरवले आणि मान हलवली.

“जुळला,” ते म्हणाले. “जुळून बी लई वर्षं झाली. दाजी, हा आता कडबा चावत न्हाई, नुसता घोळवतोय.”

मिस्त्रींनी आदराने मामांकडे पाहिले. यंत्रशास्त्राचे निदान हेच होते. दातांच्या ज्या कडा चौकोनी असावयास हव्यात त्या नदीतल्या गोट्यांसारख्या गोल झाल्या होत्या; पितळी कडी इतकी झिजली होती की तिच्यावरचे बारीक आटे पुसून ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती; तळाशी तेलात बुडालेला जो दातेरी जोड असतो आणि ज्याला मिस्त्री ‘लेअर’ म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या कागदासारख्या पातळ झाल्या होत्या; आणि गिअर सरकवणाऱ्या काट्याची दोन्ही टोके एकाच बाजूने खाल्ली गेली होती. “ह्यो काटा असा कामून घासला?” मिस्त्रींनी विचारले. तीस वर्षे घाट उतरताना हा दांडा रेटून धरलेला होता, असे मी अभिमानाने सांगितले. मिस्त्री बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजी धरून धरूनच गेला की हा.” गिअर सुटू नये म्हणून जे हात आम्ही त्याच्यावर ठेवले होते, त्या हातांच्या रेट्यानेच काटा झिजून गिअर आणखी सुटू लागला होता. यात आमच्या कुटुंबाचा, जावयाचा आणि अन्य हंगामी नेमणुकांचा समप्रमाणात हिस्सा होता.

सुट्या भागांची यादी मी तीन प्रतींत केली. बीडमध्ये बेअरिंगे व सील मिळाली, परंतु दुसरा गिअर, त्याचा सरकणारा पट्टा आणि काटा काही मिळेना. दिल्लीचे मायापुरी, जुन्या जीपा नव्याने उभ्या करण्यासाठी ख्यातकीर्त असलेली हरियाणातील मंडी डबवाली, अशी तीर्थक्षेत्रांची नावे मिस्त्रींनी घेतली. परंतु पुतण्याच्या खोलीवर उतरता येते या एकमेव कारणास्तव आम्ही पुण्याच्या जुन्या बाजाराची वाट धरली, आणि बाजार म्हटल्यावर मामा बरोबर आलेच.

तेथे रविवारी जे ढीग पडतात त्यांत एका व्यापाऱ्यापाशी आमच्या जातीची एक पुरी पेटी होती. व्यापाऱ्याने मुख्य शाफ्ट हाताने गरागरा फिरवून दाखवला. आवाज नाही, खडखड नाही. मामांनी तो आवाज ऐकला, म्हणजे आवाज नसलेला ऐकला, आणि संशयाने झाकण काढावयास लावले. वाजणाऱ्या पेटीत लाकडाचा भुसा किंवा पिकलेली केळी कोंबून ती विकण्याइतकी मुकी करावी, ही युक्ती गाड्यांच्या व्यापारात देशोदेशी सांगितली जाते. येथे आत जे निघाले ते जाड ग्रीस होते, पण हेतू केळ्याचाच होता. “शिंगं साळलेली हायेत,” मामा पुटपुटले, कारण म्हाताऱ्या बैलाची शिंगे तासून, तेल लावून त्याला तरुण भासवणारे लोक त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. ग्रीस पुसून त्यांनी दात पाहिले. पहिला गिअर गेलेला होता, पण दुसरा, जो आम्हांला हवा होता, तो धडधाकट. “सहा दाती,” त्यांनी निकाल दिला. त्या पेटीच्या पूर्वीच्या मालकाने तिला नुसती पहिल्या गिअरमध्ये नांगरली असावी. युद्ध संपल्यावर विलीजने १९४५ साली जी पहिली मुलकी जीप काढली ती शेतकऱ्यासाठीच होती, आणि तिच्या पाठीमागून शक्ती घेऊन अवजारे चालवण्याची सोयही तिच्यात होती; त्या मूळ उद्देशाशी इमान राखणारा कोणी तरी निघाला, याचा मला आनंद झाला.

सौद्याच्या वेळी मामांनी खांद्यावरचा रुमाल पसरून आपला हात त्याखाली घातला आणि व्यापाऱ्याला हात पुढे करण्याची खूण केली. नेकनूरच्या बाजारात बैलाचा भाव असा रुमालाखाली, बोटे दाबून ठरतो. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. पुण्याच्या व्यापाऱ्याने मात्र हा वृद्ध गृहस्थ आपल्याशी हस्तांदोलन करू इच्छितो असे समजून त्याचा हात प्रेमाने हलवला. मामांनी त्याची तीन बोटे दाबली, त्याने मामांची पाची दाबली, आणि हा सुसंवाद काही वेळ चालल्यावर पुतण्याने मोठ्याने भाव विचारून टाकला. नेकनूरला परत येईपर्यंत मामा त्याच्याशी बोलले नाहीत.

जुळणीच्या दिवशी मी शेडमध्ये टेबल मांडून बसलो. प्रत्येक सुटा भाग मोजून, वर्णनासह यादीत उतरवावा आणि मामा व पुतण्या यांच्या पंच म्हणून सह्या घ्याव्यात, असा माझा आग्रह होता. सगळ्यांत कठीण काम लेअरचे. त्याच्या पोटात दोन्ही टोकांना सुयांएवढे बारीक पोलादी रूळ गोलाकार उभे करावयाचे असतात, आणि त्यांच्या मधून पीन जाईपर्यंत त्यांना धरून ठेवणारे काहीच नसते. मिस्त्री ते ग्रीसने चिकटवतात, आणि खऱ्या पिनेच्या जागी आधी तेवढ्याच जाडीचा, लेअरच्या लांबीचा लाकडी दांडका घालतात. लेअर जागेवर बसला की खरी पीन एका बाजूने ठोकत जातात आणि लाकडी दांडका दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. कायम अधिकारी रुजू होईपर्यंत नेमलेल्या प्रभारी अधिकाऱ्याची इतकी गौरवास्पद कामगिरी मी अन्यत्र पाहिलेली नाही.

मिस्त्री सुया मोजू लागले. एक कमी आली. पुन्हा मोजल्या, एकच कमी. शेड झाडली, परातीतले तेल चाळणीतून गाळले, मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराचे खिसे उलटे केले. माझ्या यादीत मात्र संख्या पूर्ण होती आणि खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. कागदावर पूर्ण आणि जागेवर कमी, हा प्रकार माझ्या नोकरीत मला अपरिचित नव्हता. अशा वेळी जागेपेक्षा कागदावर विश्वास ठेवावा, ही आमची रीत. पण मिस्त्रींची रीत वेगळी होती. त्यांनी माझ्या हातातून यादी घेतली, उलटी केली, आणि कागदाच्या पाठीला, बरोबर माझ्या सहीच्या मागे, ग्रीसने चिकटलेली सुई नखाने खरवडून काढली.

“भाऊसाहेब, कागदानंच खाल्ली व्हती,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसले.

नवी पितळी कडी बसली, नव्या चकत्यांनी ढिलाई गेली, झाकणातली गोळी नव्या स्प्रिंगवर आली, दोन्ही पेट्यांमध्ये नवे सील पडून भावांचे व्यवहार स्वतंत्र झाले. तेल भरताना पुतण्याने भारी किमतीच्या डब्याची शिफारस केली. पण मिस्त्रींनी वास घेऊन तो परत केला, कारण पितळेला तिखट तेल सोसत नाही. हे त्यांना चाळीस वर्षांत हातांनी कळले होते, आणि अशा काही तेलांतले गंधक पितळ खाते हे पुतण्याला त्याच रात्री पुस्तकात सापडले. दोघांनी परस्परांना न सांगता एकमेकांविषयी चांगले मत केले.

चाचणीसाठी मी मुद्दाम घाटच निवडला. कुटुंब डावीकडे बसल्या. मांजरसुंब्याचा चौक ओलांडून उतार लागला, मी दुसरा गिअर टाकला, इंजिनाचा आवाज भरला, आणि जीप एखाद्या सुस्वभावी सुनेसारखी मान खाली घालून, न सुटता, न खटकता पालीपर्यंत उतरली. एक वळण नव्हे, दोन नव्हे, सगळा घाट. मला अत्यंत आनंद व्हावयास हवा होता. झालाही, पण त्याच्या तळाशी काहीतरी काळे, जाड आणि नव्वद नंबरचे साचलेले होते.

त्याचा उलगडा चार दिवसांनी झाला. सकाळी उठून पाहतो तो दारात जीप नाही. पुतण्या मित्रांना घेऊन ती बीडला घेऊन गेला होता, त्याच्या पाठोपाठ जावयाने ती मागितली, आणि आता मामाही, ज्यांनी आयुष्यात कासरा सोडून दुसरे काही धरले नाही, मिस्त्रींच्या पोराकडून ती शिकण्याच्या गोष्टी बोलू लागले आहेत. जमिनीच्या कायद्यात वहिवाट नावाचा एक हक्क आहे: दुसऱ्याच्या बांधावरून वर्षानुवर्षे, अखंड, उघडपणे चालत राहिले म्हणजे पायाखालची झिजलेली वाटच चालणाऱ्याच्या हक्काचा पुरावा होते. माझ्या मालकीचा खरा दस्तऐवज आर.टी.ओ.च्या पुस्तकात नव्हता. तो त्या झिजलेल्या दातांत होता. कोठल्या वळणावर तो सुटेल आणि किती रेटला म्हणजे थांबेल, हे ज्ञान तीस वर्षांच्या वहिवाटीने केवळ माझे झाले होते. मिस्त्रींनी दोन दिवसांत, मजुरीसह, ती वाट नांगरून टाकली, आणि तिची पावती मी स्वतः सही करून घेतली.

कुटुंबांना हे बोललो नाही. परंतु गेल्या पंधरवड्यात आम्ही दोघे बीडला निघालो असता, घाट लागला तसा त्यांचा हात आपोआप दांड्याकडे गेला आणि मध्येच थांबला. माझा डावा हात तेथे आधीच होता.

“सोडा की आता,” त्या म्हणाल्या. “सुटत न्हाई तो.”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो, आणि पालीपर्यंत धरून बसलो.

जुना दुसरा गिअर मी मिस्त्रींकडून मागून आणला आहे. माझ्या मेजावर खासरा पत्रकांच्या नकलांचा गठ्ठा असतो, तो वाऱ्याने उडू नये म्हणून मी त्याच्यावर हा गिअर ठेवतो. मामा आले की तो उचलून, नखाने दात चाचपून, पुन्हा जागेवर ठेवतात. घाटाच्या दिशेने केवढाही वारा येवो, तीस वर्षे जो माझ्या हाताखाली क्षणभर टिकला नाही, तो त्या कागदांवरून तसूभरही हललेला नाही.